हौशीराम आबांचं लाईव्ह

पारगावच्या हौशीराम आबांचा मोबाईल दिवसभर वाजत असायचा. कांद्याच्या भावाचं एक ॲप, हवामानाची दोन, आणि बाकी सगळा पसारा बैलगाडा शर्यतींचा. त्यांनी चॅनेलं धरली, पेजं धरली, ग्रुप धरले, कुणीतरी सांगितलेली एक वेबसाईटही धरली. कुठल्या घाटात कुणाच्या गाड्याची बारी कशी पळाली, कुणाचा बैल कुठं गेला, यातलं काहीही आपल्याआधी दुसऱ्याला कळलं की आबांना जेवण गोड लागत नसे. त्यामुळं झालं असं, की सगळं यायचं आणि बघणं काहीच व्हायचं नाही.

नात श्रेया मंचरला कॉलेजात होती. ती म्हणायची, "आबा, एवढं गोळा करून बघता किती? दोन ठेवा, बाकीची काढा."

"काढ की. फक्त बैलगाड्याच्या एकालाबी हात लावू नको," आबा म्हणायचे. मग राहिलं काय काढायला, कांदा?

शर्यतींवरच्या बंदीची वर्षं सोडली तर आबांनी एकही यात्रा चुकवली नव्हती. त्यांची जागा ठरलेली, गाडे पळतात त्या चढाच्या, म्हणजे घाटाच्या तळाला. बैल जुंपायचे, पुढच्या जोडीतला त्यांचा लाडका बैल पाखऱ्या उधळू लागला की त्याला छातीनं थोपवायचं, आणि इशारा झाला की सोडायचं. सोडल्यावर चार शेपट्या आणि धूळ. पुढं काय झालं ते वरच्या टोकाला उभ्या असलेल्या लोकांनी येऊन सांगायचं. पण सोडण्याचा तो मान आबांनी कधी कुणाला दिला नाही.

यंदा माघातल्या यात्रेच्या तोंडावर गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाही म्हणून बजावलं. बैल घेऊन जायचं मुलावर, संपतवर आलं. घाट जुन्नरच्या बाजूला. आबा दोन दिवस सगळ्यांवर खेकसले, मग म्हणाले, "जाऊ दे. बारी व्हताना बघायला मिळाली तरी बास."

तेवढ्यासाठी श्रेया सकाळीच मोबाईल घेऊन बसली. दोन चॅनेलं समोर ठेवली. एकावर लालभडक 'लाईव्ह' लिहिलेलं आणि चाळीस हजार माणसं बघत असलेली. दुसरं जुन्नरच्या जुबेरचं. मोबाईलच्या कव्हरांचं दुकान भावाच्या गळ्यात मारून हा गडी कॅमेरा घेऊन घाटोघाट फिरायचा. त्याच्याकडं तीनशे.

"जुबेरचं लावू आबा. तो स्वतः तिथं उभा असतो, तारीख सांगतो, गाड्याचा नंबर सांगतो."

आबा हसले. "तीनशे माणसं तर आपल्याकडं बारशाला जेवत्यात. गर्दी असंल तितंच खरं असतंय."

यात्रा कुठली मोठी, हे आबांनी जन्मभर गर्दीवरनंच ठरवलं होतं. श्रेयानं चाळीस हजारवालं लावून दिलं आणि ती कपडे धुवायला गेली.

थोड्या वेळात मोबाईलमधून आवाज आला, पारगावकर हौशीराम यांचा गाडा, पुढच्या जोडीला पाखऱ्या. आबा ताठ झाले. बैल सुटले. चार शेपट्या, धूळ, अगदी डोळ्यांच्या ओळखीचं. आणि निवेदकानं घसा फोडून पहिला नंबर जाहीर केला.

आबा काठी विसरून उठले. देव्हाऱ्यातला भंडारा आणला आणि ओंजळीनं उधळला. बायकोनं, सारजाबाईंनी अंगणात वाळत घातलेली पांढरी चादर पिवळी, सारजाबाई पिवळ्या, दारातलं कुत्रं पिवळं. वस्ती गोळा झाली. पेढे आले. कारखान्याकडं ऊस घेऊन निघालेला ट्रॅक्टर अडवून आबांनी ड्रायव्हरच्या कपाळाला भंडारा लावला, तोंडात पेढा कोंबला. सगळ्या ग्रुपांवर स्वतः बोलून निरोप टाकला. आणि येईल त्याला तो व्हिडिओ पुन्हा लावून दाखवू लागले.

श्रेया हात पुसत आली. तिनं बघितलं, परत बघितलं.

"आबा, हे खाली पाखऱ्याला धरून उभं हाय ते कोण?"

"असंल कुणीतरी. धरलंय मातर झ्याक."

"आबा, ते तुमी हाय."

सारजाबाईंनी चष्मा लावला आणि मोबाईल नाकाशी धरला. "ह्योच की. अन् ह्यो गुलाबी फेटा माज्या भावानं दिलेला. दिवाळीत उंदरांनी खाल्ला न्हाई का?"

 पहिला हसला तो ट्रॅक्टरवाला, आणि मग कुणाला आवरेना. ते गेल्या वर्षीचं होतं. त्या चॅनेलवाल्यानं जुनाच व्हिडिओ लाईव्ह म्हणून चालवला होता.

तेवढ्यात संपतचा फोन. "आबा, काय टाकलंय तुमी ग्रुपवर? आपली बारी दुपारी हाय. बैलं अजून टेम्पोतनं उतरवली न्हाईत अन् लोक येऊन माज्या गळ्यात पडायला लागल्यात."

आबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता पाखऱ्या मागं पडला तर तोंड कुठं लपवायचं? घरी जा म्हणावं, तर लोक पेढा खाऊन बसलेले, कुणी उठेना. पिवळ्या कपाळांनी सगळी ओसरी भरलेली.

"लाव बाई तुज्या जुबेरचं," आबा म्हणाले.

श्रेयानं ते टीव्हीवर लावलं. भटजींनी संकल्प सांगावा तसा जुबेर दर थोड्या वेळानं वार, तारीख, गाव सांगायचा, आणि आबा दर वेळी भक्तिभावानं मान डोलवायचे. "मी घाटाच्या वरच्या टोकाला उभा हाय," तो म्हणत होता. "गाडं सरळ माज्याकडं येतंय."

दुपारी पारगावचा गाडा पुकारला. लांब खाली ठिपक्याएवढा संपत दिसला. बैल सुटले.

यावेळी शेपट्या नव्हत्या. पाखऱ्या समोरून येत होता. मान लांब केलेली, कान मागं चिकटलेले, नाकपुड्या फुललेल्या, आणि डोळे सरळ पुढं. भीती नाही, राग नाही, नुसता आनंद. वासरू दूध पिऊन अंगणात हुंदडतं तेव्हाचं तोंड. एवढा दांडगा बैल, आणि तोंड त्या वासराचं. पडदा भरून तो आला आणि निघून गेला.

दुसरा नंबर आला. ओसरीवरचे सगळे आबांकडं बघू लागले. आबांचे डोळे वाहत होते आणि तोंडभर हसू होतं. सारजाबाईंनी पदर पुढं केला.

संपतचा फोन आला. आवाज पडलेला. "आबा, पयला नंबर थोडक्यात गेला."

"जाऊ दे रं. त्याला पानी दाखव, अंग पूस. आन् ऐक, पुढल्या वर्षी खाली तूच थांब. मी वर थांबनार."

"वर? तुमची तर जागा खालची."

"इतकी वर्षं मी त्याची पाठच बघत आलो, संपत. पळताना तो असा हसतोय, हे मला वरच्या एकानंबी कधी सांगितलं न्हाई."