माझ्या बाटलीत काही नव्हतं

साहेब दोन्ही डोळे उघडे ठेवून मायक्रोस्कोपात पाहायचे. एक डोळा मिटला की माणूस लवकर थकतो, म्हणायचे. काही दिसलं की मागं न वळता हातानेच बोलवायचे, "ये गा, पाह्य. पोहून राहिला."

मी चौथी नापास. नागपूरच्या धंतोलीत पाणी तपासायची एक प्रयोगशाळा होती, तिथं सत्तरच्या सुमारास मी बाटल्या धुवायचो. धुणाऱ्याला मायक्रोस्कोप दाखवणारा साहेब तुम्ही पाहिला असेल तर सांगा. मी तरी दुसरा पाहिला नाही.

काचेखाली लोंबता थेंब, त्यात बारक्या काड्या. मी म्हणालो, "साहेब, सगळेच हलून राहिले जी."

"हलणं वेगळं गा, जाणं वेगळं. मेलेलेही थरथरतात, पाण्याचे धक्के खाऊन. जिता असतो तो जातो. त्याले बारीक शेपट्या असतात, त्या गरगर फिरवतो. सरळ जाईल, मधेच कोलांटी मारेल, तोंड वळलं तिकडे पुन्हा सरळ."

"दारू पेल्यावानी."

"तुझा साळा आठवला का?" अन् मान मागं टाकून हसायचे.

हा जंतू माणसाच्या आतड्यातला. "तुझ्या पोटात हाय, माझ्या पोटात हाय, कलेक्टराच्याही पोटात हाय. तिथं बहुतेक गुमान राहतो. पण पाण्यात सापडला की समजायचं, संडासाची घाण पाण्यात आली." अंगाइतक्या गरम कपाटात ठेवला तर वीस मिनिटांत एकाचे दोन. नागपूरच्या मे महिन्यात ते कपाट खोलीपेक्षा थंड असायचं. आम्ही दोघं त्यात डोकं घालायच्या गोष्टी करायचो.

बाटल्यांचं माझं काम पक्कं. धुवायची, कापसाचं बूच, वर खाकी कागद, सुतळी, मग वाफेच्या डब्यात. माझी गाठ साहेब लांबून ओळखायचे.

एकदा मुलींच्या वसतिगृहातून नमुना आला. नळाच्या तोंडावरचे जंतू मरावेत म्हणून साहेबांनी स्वतः ते जाळून मग पाणी घेतलं होतं. मुलींना हगवण लागली होती. दुसऱ्या दिवशी कपाटातल्या नळ्यांत बुडबुडे धरले, म्हणजे आत जंतू वाढले होते; थेंबात जंतू पळताना आम्ही दोघांनी पाहिले. त्याच खेपेला वाफवलेल्या दुसऱ्या बाटलीत साहेबांनी उकळलेलं पाणी भरून ठेवलं होतं. त्यात काही उगवलं नाही. म्हणजे बाटल्या साफ होत्या. हेही दोघांनी पाहिलं.

वसतिगृहाचा मालक वजनदार माणूस. तो येऊन साहेबांच्या खोलीत तासभर बसला. मग टाकीत जंतू मारायची पावडर पडली, दुसरा नमुना घेतला, तो साफ निघाला. अन् पहिल्या नमुन्याच्या अहवालात साहेबांनी काय लिहिलं, ते मला कारकुनाने वाचून दाखवलं. बाटली नीट धुतली नव्हती, धुणाऱ्याची हलगर्जी.

मी तडक आत गेलो. "साहेब, हे काहून लिहिलं?"

ते मायक्रोस्कोपावरून उठले नाहीत. "टाकी साफ झाली ना गा? पोरी बऱ्या झाल्या. तुझी नोकरी जात नाही. माझी गेली असती."

"माझी बाटली साफ होती जी."

"माहीत हाय मले."

माहीत होतं, हेच जास्त लागलं. माहीत नसतं तर मी भांडलो असतो.

त्यानंतर ते बोलवायचे, मी जायचो नाही. हात साबणात आहेत, सांगायचो. काही दिवसांनी त्यांनी बोलवणं सोडलं. थेंबात काय पोहून राहिलं ते एकटेच पाहायचे. मला वाईट वाटायचं, पण गेलो नाही.

निवृत्तीच्या दिवशी गळ्यातला हार काढून ते धुण्याच्या खोलीत आले. खिशातून कागद काढला, स्वतःच मला वाचून दाखवला. तुझी चूक नव्हती, असं लिहून खाली सही केली होती.

"ठेव गा तुझ्याजवळ."

"माझ्याजवळ काहून? मले तर माहीतच हाय. फाइलीत लावा."

कारकुनाची खोली समोरच होती, दारही उघडं होतं. त्यांनी कागदाची घडी केली, वरच्या खिशात घातली अन् जिन्याकडे वळले.