बंपरवरचं कुंकू

ते प्रकरण माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. गेल्या महिन्यात पत्नीच्या अस्थी नाशिकला न्यायच्या होत्या. भाड्याची गाडी ठरवताना मुलीने विचारलं, "बाबा, नुकसानीचं कव्हर घ्यायचं का?" "घे," एवढंच म्हणालो. तिला न सांगितलेलं इथे लिहितो.

स्वारगेट भागातल्या एका ठाण्यात मी निरीक्षक होतो. यवतमाळकडचा, इथे कंपनीत नोकरी करणारा एक तरुण तक्रार अर्ज घेऊन आला. आईला अष्टविनायक दाखवायला त्याने स्वतः चालवायची गाडी भाड्याने घेतली होती. जादा पैसे भरले की मोडतोडीची भरपाई माफ, ही कव्हरची अट नीट वाचून त्याने ते नाकारलं होतं. गाडी परत केली तेव्हा मालक ती धुलाईच्या शेडमध्ये घेऊन गेला आणि थोड्या वेळाने त्याने फुटलेला बंपर दाखवला. भरपाई मिळेपर्यंत तो अनामत ठेवलेला पासपोर्ट देईना. दहा दिवसांनी तरुणाला नव्या नोकरीसाठी दुबईला जायचं होतं.

"साहेब, निघताना आईनं बॉनेटवर आणि बंपरवर कुंकवाची बोटं ओढली होती. फुटक्या बंपरवर ती नाहीत."

"म्हणजे कव्हरऐवजी कुंकू घेतलंत," मी म्हणालो. ठाणे अंमलदार हसले. आपसात मिटवा, असं सांगून मी त्याला वाटेला लावलं.

आठवड्याने त्या शेडमधलं काम सोडलेला एक धुलाईवाला माझ्यापुढे उभा राहिला.

"फुटका बंपर एकच आहे साहेब. कव्हर नको म्हणणाऱ्याच्या गाडीला लावतात. भरपाई मिळाली की काढून ठेवतात."

मी तो अर्ज शोधून काढला. सोबत मालकानेच तरुणाला पाठवलेला फोटो होता. बॉनेटवर धूळ आणि कुंकू, दोन्ही जागच्या जागी. खाली बंपर कोरा. मालकाला बोलावलं.

"गाडी धुतली, कुंकू गेलं," तो म्हणाला.

"अहो, मग बॉनेटवरचं का राहिलं?"

त्याने पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर सगळं सांगितलं.

त्याच्या खणात चार पासपोर्ट सापडले. ओळख पटवायला तरुण आईसह आला. विमानाला दोन दिवस होते. पण पंचनामा झाला होता, पासपोर्ट जप्त केलेला मुद्देमाल होता. न्यायालयाच्या आदेशाशिवाय तो देता येत नव्हता. त्याच्या डोळ्यांदेखत हवालदाराने पाकिटाला लाख लावली. आदेश आला तोवर विमानही गेलं होतं आणि नोकरीही.

पासपोर्टचा ताबा घेताना आई म्हणाली, "त्यानं ठेवलं तं गुन्हा. तुम्ही ठेवलं त्याले काय म्हनायचं, साहेब?"

त्याला कायद्यात 'जप्ती' असं नाव आहे. ते तिला सांगण्याचं धैर्य मला झालं नाही.

वरिष्ठांनी तपासाबद्दल शाबासकी दिली. फसवल्या गेलेल्याला 'तुम्ही काळजी का घेतली नाही' हे विचारणं फार सोपं असतं, काहीच लिहून घ्यावं लागत नाही. त्या पहिल्या दिवशी मी ठाण्यातून एक फोन केला असता, तर मालकाने पासपोर्ट संध्याकाळपर्यंत निमूट आणून दिला असता.