सदतीस हत्ती, एक दाणा

मार्चमधला पहिला रविवार, संध्याकाळचे सहा. जागा: पुंगोलमधल्या आमच्या ब्लॉकखालचं दगडी टेबल. फौज: पाव किलो चवळी. हत्ती: सदतीस राजमे, दोनदा मोजलेले. हजर: मी आणि सातव्या मजल्यावरच्या शेजाऱ्याचे वडील.

मिटलेल्या छत्रीचा आल्प्स करून त्यांनी हॅनिबलचं सैन्य पलीकडे उतरवलं. मग सगळं आवरताना चवळीचा एक दाणा उचलून शर्टाच्या खिशात टाकला आणि खिशाचं बटण लावलं.

"हे काय, काका?"

"हा राहिला," ते म्हणाले.

काका साताऱ्याकडचे. लष्करातल्या खेचरांच्या तुकडीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. इथे परदेशी, मुलाकडे राहायला आले होते. जुन्या सेनापतींच्या गोष्टी ते फोनवर ऐकायचे आणि आकडे मला विचारायचे, कारण मी रॅफल्स प्लेसला एका बँकेत हिशेब तपासतो. चुकीचा आकडा मला खपत नाही. त्यांनाही खपत नसे. त्यावरच आमचं जमलं.

सगळ्यांत मोठा सेनापती कोण, असं विचारलं तर म्हणायचे, "लढाई काय हो, दोघांतला एक जिंकतोच. दाणापाणी कुणी पोचवलं ते सांगा."

त्या पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "उतारावर फार माणसं गेली असणार. चढताना जनावर स्वतःच्या मनानं चालतं. उतरताना पाठीवरचं ओझं त्याला चालवतं." बोलताना त्यांचा तळहात न दिसणाऱ्या खेचराच्या मानेवर होता. मी दोन संध्याकाळी लायब्ररीत बसून तपासलं. चढताना शत्रू वरून दगड लोटत होता. उतरताना जवळपास कुणीच नव्हतं. तरी जुना इतिहासकार लिहितो, जवळजवळ तितकीच माणसं गेली. दोन हजार वर्षांपूर्वीचा बर्फ या माणसाच्या तळव्यांना ठाऊक होता.

एकदा मी सिकंदर सांगितला. वाळवंटात सैन्य तहानेनं मरतंय, कुणीतरी शिरस्त्राणात घोटभर पाणी आणून देतो, आणि सिकंदर ते सगळ्यांदेखत ओतून टाकतो. मी अगदी रंगात आलो होतो.

"पाणी शोधून आणलं कुणी?" काकांनी विचारलं.

"नाव नोंदलेलं नाही."

"बघा." दाणा खिशात. "हा राहिला."

"तुमच्या लढायांत माझी उसळ कमी होतेय हं," बायको म्हणायची. अठरा रविवार, अठरा दाणे.

एकोणिसाव्या रविवारी डोंगर नव्हता, हत्ती नव्हते. काकांनी फक्त अकरा दाणे ओळीनं मांडले. "एक हिशेब करून द्या, साहेब. सूट द्यायची नाही."

अकरा खेचरं. वरच्या चौकीसाठी अकरा दिवसांचं रॉकेल. पुढचं रॉकेल घेऊन येणारी तुकडी बरोबर दहा दिवसांनी. वाटेत, बर्फात, जोडीदाराचा पाय मोडला. काकांनी त्याला खडकाआड सगळी कांबळी पांघरून ठेवलं, माल वर पोचवला आणि उजाडताच परत आले. तोवर तो गेला होता.

"एक खेचर रिकामं करून त्याला वर नेलं असतं, तर चौकीचं भागलं असतं का?"

मी कागदावर दोनदा मांडलं. एका खेचराचं ओझं म्हणजे एका दिवसाचं रॉकेल. आकडा खोटा सांगावा, असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

"भागलं असतं," मी म्हणालो. "नेमके दहा दिवस."

काकांनी ओळीतला एक दाणा बोटानं बाजूला सरकवला.

"माझाही तोच येतो. चाळीस वर्षं. मेजर म्हणाले, इलाज नव्हता. बायको म्हणाली, इलाज नव्हता. सगळे सूट देत आले." त्यांनी कागदाची घडी करून घेतली. मग पिशवीतला एक दाणा काढून खिशात टाकला. या वेळी 'हा राहिला' म्हणाले नाहीत. त्याचं नाव घेतलं.

तुम्हीही मोठमोठ्या सेनापतींचे आकडे वाचले असतील. स्वतःचा आकडा असा तपासून घेणारा मला हा एकच भेटला.

जुलैत त्यांचा इथे राहण्याचा पास संपला. निघायच्या दिवशी टॅक्सी उभी असताना ते माझ्याकडे आले आणि खिशाचं बटण काढलं. "ताईंची चवळी," म्हणत एकेक दाणा माझ्या तळहातावर ठेवला. अठरा झाले. त्यांनी बटण पुन्हा लावलं.

एकोणिसावा मी मागितला नाही.