अंगात आलं नव्हतं

माझ्या हिराआत्याच्या अंगात देवी आली म्हणून सगळी आळी तिच्या पाया पडत होती, तेव्हा ती मरत होती.

आज नवरात्रातली चौथी माळ. याच माळेला ती गेली. बहात्तरच्या दुष्काळाच्या थोडं आधी, मळवलीत.

कमेंटमध्ये लगेच हात जोडू नका. आधी वाचा.

आत्याची तान्ही लेक गोवरात गेली. त्यानंतर आत्याची झोपच उडाली.
तिचे यजमान एका बंगल्यावर राखणदार होते, आम्ही त्यांना मामा म्हणायचो. ते तिला लोणावळ्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेले.

डॉक्टरांनी नाडी बघितली. "झोप लागेल. रोज एक घ्यायची."
झोप का उडाली, हे काही विचारलं नाही.

पुढे मामा बाजाराला गेले की कम्पाउंडर गोळ्यांची पुडी बांधून द्यायचा. वर्षानुवर्षं तोच डोस. चेकअप वगैरे विसरा, डॉक्टरांनी तिला परत पाहिलंसुद्धा नाही.

आत्याची जीभ जड झाली. बोलता बोलता मान कलंडायची, चुलीवर भात करपायचा.
पण रडत नव्हती ना, मग घरचे खूश. म्हणे, हिरा सुधारली.
डोंबलाची सुधारली.

त्या वर्षी सासूबाईंनी तिला नऊ दिवसांचा कडक उपास धरायला लावला. मूल व्हावं म्हणून. आत्यालाही मूल हवं होतं, फार हवं होतं.

"तोंडात औषध बी जाऊ द्यायचं न्हाई," सासूबाईंनी बजावलं.
रोजची गोळी एकदम बंद.

तिसऱ्या माळेला मी आईबरोबर तिच्याकडे गेले. आत्या घामाने निथळत होती.

"वयनी, हात बगा माजं. थिर ऱ्हाईनात. एक गोळी घिऊ का?"

"आता उपास मोडलास तर समदं वाया जाईल. कळ काढ, हिरा," आई म्हणाली.

आम्ही मुक्कामाला राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या घटासमोर कोसळली. डोळे पांढरे, दातखीळ बसलेली, सगळं अंग झटके देतंय.

"अंगात आलं," कुणीतरी म्हणालं.

बायकांनी तिचा मळवट भरला. आईने तिच्या पायांवर डोकं ठेवलं.
सासूबाईंनी हात जोडून विचारलं, "आई, हिच्या पदरात पोर घालशील का?"

आत्याला पुन्हा झटका आला. बायका म्हणाल्या, व्हय म्हनली.

मामा कामावरून धावत आले. तिच्या तोंडाला आलेला फेस बघून म्हणाले, "ह्ये देवाचं न्हाई." ट्रकमध्ये घालून तिला लोणावळ्याला नेलं. दवाखान्याच्या दारातच ती गेली.

उपासात गोळी बंद होती हे मामांकडून कळल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "गोळी कुणी बंद केली? ती अशी एकदम सोडायची नसते."

मामा एवढंच म्हणाले, "सायेब, ह्ये आज सांगताय व्हय."

माझी आई शेवटपर्यंत सांगत राहिली, हिरा भाग्याची, तिला देवीनं नेलं. मला सगळं कळत होतं, तरी मी आईचं म्हणणं कधी खोडून काढलं नाही. 'कळ काढ' म्हणालेल्या बाईने दुसरं काय म्हणावं?

आता आई नाही, म्हणून लिहिते.

हिराआत्या, तुला देवीने नेलं नाही गं.
तुला मनापासून नमस्कार.