आक्काचं वाक्य

त्या खोलीत सकाळ उतरायची ती जंतुनाशकाच्या उग्र वासातून आणि काचेवर साचलेल्या हिवाळी धुक्यातून. बेळगावच्या रुग्णालयात माझी थोरली बहीण, आक्का, पडून होती. तिच्याच रक्तातल्या पेशी काढून, कर्करोगाशी झुंजायला शिकवून, पुन्हा तिच्याच देहात सोडल्या होत्या. या पेशींची झळ कधी मेंदूलाही लागते, म्हणून चिकोडीकडच्या तरुण डॉक्टरीणबाई सकाळ-संध्याकाळ उशाशी येऊन तेच विचारत: गाव कोणतं, ही वस्तू कोणती, शंभरापासून दहा-दहा कमी करत मोजा, एक वाक्य लिहा.

"'मी बरी आहे' असं लिहा," त्या पहिल्यांदा म्हणाल्या.

"बरी न्हाय मी. खोटं कशाला लिवू?" वडगावात यंत्रमागाच्या खडखडाटावर आवाज चढवत आयुष्य काढलेल्या आक्कानं लिहिलं, 'मी घरी जाणार.'

मग ताप चढला. एका सकाळी समोर धरलेल्या पेनाकडे ती नुसती पाहत राहिली, जणू चेहरा ओळखीचा आणि नाव तेवढं आठवेना. कागदावर अक्षरांऐवजी गुंतलेल्या सुतासारख्या रेघा उमटल्या. डॉक्टरांनी तत्काळ औषध सुरू केलं. मी तिच्या हातातलं पेन काढून घेऊ लागले, तर बोटं सैल होईनात. शब्द हरपलेल्या त्या मुद्रेवर संताप मात्र शाबूत होता. मी भ्यायले होते. तिला तो अपमान वाटत होता.

पुढचे काही दिवस मौनात गेले. पहिला शब्द आला तो कानडी, 'नीरु'. मी पाणी पाजलं. मागोमाग मराठीही परतली, अडखळत, लंगडत. आणि एकदा, कोवळं ऊन पांघरुणावर पसरलेलं असताना, कागदावर पेनाचं टोक टेकवून ती बराच वेळ थांबली आणि वेड्यावाकड्या अक्षरांत तिनं लिहिलं, 'रोज तेच विचारू नका.'

"हे चालतं का?" मी विचारलं.

"वाक्य पूर्ण आहे," डॉक्टर हसून म्हणाल्या. "पण संध्याकाळी परत विचारणार हं, आक्का."

"या की. मी हाय हितंच."

रोग गेला की दबा धरून बसला, हे पुढच्या तपासण्या सांगणार होत्या. पण आपण इथं आहोत की नाही, हे ठरवायचा अधिकार तिनं कुणालाच दिला नव्हता. मलाही नाही.