त्या शनिवारी आमची भांडी कोणी घासली?

त्या शनिवारी सकाळपासून घरात आजोबा एकटेच होते. एवढं आधी सांगून ठेवते...

गोष्ट पन्नास-एक्कावन्न सालची. वसईत, पापडी गावाच्या पुढे, केळीच्या वाडीत आमचं घर. मी चौदा वर्षांची आणि आईला जाऊन चार महिने झालेले.

आई होती तोवर पितळेला चाळलेली राख आणि चिंच, तेलकट बरण्यांना ताडीचा शिरका, कपड्यांना रिठे. अंगात ताप असतानाही ती भांडी घासायला बसायची. मला मात्र त्या राखेचा भयंकर कंटाळा.

मुंबईला गिरणीत असलेल्या काकांनी मला कॉस्टिक सोड्याचा डबा आणून दिला. गरम पाण्यात चिमूटभर टाकला की चिकटा गायब! बोटांची सालं निघायची, पण काम झटपट व्हायचं.

डब्याचं झाकण गंजलं, म्हणून मी तो सोडा एका रिकाम्या बरणीत ओतला. बरणी फळीवर ठेवली... मिठाच्या बरणीला अगदी लागून. तेव्हा काहीच वाटलं नाही.

आजोबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दुपारची पेज ते स्वतःच वाढून घ्यायचे आणि मीठ चाचपडत घालायचे.

त्या दिवशी सणासाठी देवळातली दिव्यांची पितळी स्टँडं घासायला आम्ही मुली गेलो होतो. बाबा वाडीत शिंपण करत होते. कुणीतरी लिंबासोबत घासायला मीठ आणलं होतं, ते तिने माझ्या तळहातावर ओतलं.

पांढरे खडे, अगदी सोड्यासारखे... मी बघतच राहिले. मग अनवाणीच घराकडे धावत सुटले.

आजोबा ओट्यावर पेज पीत बसले होते. मी वाटी हिसकावली, बोट बुडवून चाटलं. साधं मीठ होतं.

"असं काय करतेस गं?" आजोबा वैतागले. "मीठ तूच दिलंस ना मघाशी?"

"मी?"

"मी बरणीत हात घालत होतो, तर तू मनगट धरलंस. दुसरी बरणी हातात दिलीस. बोलली नाहीस मात्र... आणि हात किती गार होता तुझा!"

मी आत गेले. चुलीपुढची जमीन ओली होती. सकाळी मी तशीच टाकून गेलेली सगळी भांडी घासून, ओळीने पालथी घातलेली. तांब्यापितळेवर ऊन पडल्यासारखी चमक, आणि घरभर चिंचेचा आंबट वास. सोड्याची बरणी मागच्या दारात धुऊन उपडी ठेवली होती. मोरीतून वाहिलेल्या सोड्याच्या पाण्याने तिथलं गवत काळं पडलं होतं.

मी बाबांना हाका मारल्या. ते आले, भांड्यांकडे पाहिलं. शेजारच्या तिन्ही घरी जाऊन विचारून आले. आमच्याकडे कुणीच आलं नव्हतं.

एवढ्यात मासळीवाली दारात आली. पाचूबंदरची ही बाई आमच्या वाडीत त्याच आठवड्यापासून यायला लागली होती. आमच्या घरात कोण आहे, कोण नाही, तिला काही ठाऊक नव्हतं.

"मंगाशी पन येऊन गेली मी," ती टोपली उतरवत म्हणाली. "घरातली बाई भांडी घासत व्हती. दोनदा हाक मारली, पन वळली नाय. कामात हाय म्हनून पुढं गेली."

मी खांब धरला.

बाबा तिच्यासमोर खाली बसले. मला वाटलं, कशी दिसत होती, लुगडं कुठलं होतं, असं काहीतरी विचारतील. त्यांनी वेगळंच विचारलं.

"बाई... ती थकलेली दिसत होती का?"

मासळीवाली गोंधळली. जरा आठवून म्हणाली, "नाय ओ दादा. हात कसं भराभर चालत व्हतं."

बाबांनी मान हलवली. आई गेली त्या दिवशीही जो माणूस रडला नव्हता, तो भरदुपारी दारात बसून लहान मुलासारखा रडला. मासळीवाली घाबरून माझ्याकडे बघत राहिली.

त्यानंतर आमच्या घरात कधीच काही झालं नाही. मी कितीतरी शनिवारी मुद्दाम लवकर घरी आले... दाराबाहेर उभी राहून कान दिले. आत शांतता असायची.

आजोबा पुढे नऊ वर्षं जगले. माझ्या लग्नात मांडवात बसून त्यांनी गाणी म्हटली, माझ्या थोरल्या मुलीला मांडीवर घेतलं. घरात कोण येऊन गेलं, हे मी कुणाला पटवून देणार नाही. पण ही नऊ वर्षं आम्हाला कुणी दिली, एवढं मला माहीत आहे.