माझ्या दोन भाकरी आणि पायाचं बोट

"काका, तुम्हाला शुगर आहे. ही जखम त्याच्यामुळंच भरत नाहीये," डॉक्टर मॅडम म्हणाल्या, तेव्हा उजव्या पायातला बूट माझ्या हातात होता.

बुटानं अंगठ्याजवळचं बोट सोललं होतं. दुखत नव्हतं म्हणून पंधरा दिवस मी बघितलंच नाही. न दुखणं हेच वाईट, मॅडम म्हणाल्या. साखरेनं पायाच्या नसा बधिर होतात. "साखर खाली आली नाही तर बोट काढावं लागेल."

माझ्या वडलांचं असंच बोटापासून सुरू झालं होतं. पुढं गुडघ्याखाली पाय राहिला नाही. मेंढरांमागं जन्मभर चाललेला माणूस शेवटी बाजेवरून मेंढरांना हाका मारायचा. ते आठवलं आणि मी बूट खाली ठेवला.

मी शहरात, उस्मानपुऱ्यातल्या एका इमारतीवर वॉचमन आहे. शाळा चौथीत सुटली, मग मीही मेंढरांमागंच होतो. गाव एसटीनं दिवसभराच्या वाटेवर, बायको तिकडंच. जिन्याखालच्या खोलीत हातानं करून खातो.

मॅडमनी गोळ्या दिल्या. कॅलरी कमी करा म्हणाल्या. कॅलरी म्हणजे अन्नातून मिळणारी ताकद. वापरली नाही की तिची चरबी होते. कार्बोहायड्रेटही कमी, म्हणजे भात, पोळी, भाकरी, बटाटा. पोटात त्याची साखरच होते.

"एका वेळी भाकरी किती खाता?"

"दोन."

"ठीक. त्याच्या वर जाऊ नका. भात बंद, गोड बंद."

बायकोला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "अवं, आजारी माणसाला कुणी कमी खा म्हणतं व्हय? ती डॉक्टरीण हाय का सासू?"

मी चहा बिनसाखरेचा केला. पूजेचा शिरा परत दिला. तिसरी भाकरी कधी तोडली नाही. तरी साखर हलेना. गोळ्या वाढल्या. ड्रेसिंगच्या वेळी मी सिस्टरच्या तोंडाकडं बघायचो. जखमेकडं बघायची छाती नव्हती.

तीन महिन्यांनी एचबीएवनसी केली. ही तपासणी मागच्या तीन महिन्यांची साखर एकदम सांगते. मॅडमनी कागद खाली ठेवला. "खरं सांगा काका, चोरून गोड खाता?"

"आईची आन, नाय मॅडम." मला रडू आलं. त्यांनी सर्जनकडं चिठ्ठी लिहून दिली.

सर्जनच्या दाराशी लई गर्दी. दुपार झाली. गोळी घेतलेली, उपाशी राहायचं नाय, म्हणून बाकावरच फडकं सोडलं. ड्रेसिंगवाली सिस्टर जाता जाता थांबली.

"मामा, ही भाकरी हाय का परात?"

"दोनच हायत की."

तिनं एक उचलली आणि थेट मॅडमकडं नेली. मागं मी लंगडत. मॅडमनी आपला डबा उघडून त्यांची भाकरी माझ्या भाकरीवर ठेवली. माझी चारी बाजूंनी उरली, आणि जाडी तर तिप्पट. मेंढरांमागं जाणाऱ्याची भाकरी अशीच असते. सकाळी खाल्ली की दिवसभर चालता आलं पाहिजे. मी आता दिवसभर खुर्चीवर बसतो, हे माझ्या हातांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"तुमच्या दोन म्हणजे माझ्या आठ," मॅडम हसल्या. मग डबा बाजूला सारला. "चूक माझी आहे काका. केवढी ते मी विचारलंच नाही."

त्या स्वतः सर्जनशी बोलल्या. थोडं थांबून बघू, असं ठरलं.

मग तळहाताएवढी एकच पातळ भाकरी. अर्धं ताट मेथी, शेपू, काकडी. वाटीभर मटकी, एखादं अंडं. पहिले आठ दिवस भुकेनं जीव रडकुंडीला आला. एकदा गेटवरच हातपाय थरथरले, घाम फुटला. साखर एकदम उतरली होती. मॅडमनी बजावलं होतं तसं खिशातली साखर तोंडात टाकली आणि दवाखाना गाठला. त्यांनी गोळ्या कमी केल्या. म्हणून सांगतो, खाणं कमी करायचं ते डॉक्टरला सांगून, आणि गोळीला आपल्या मनानं हात लावायचा नाय.

वजन उतरलं, साखर उतरली, जखमेत कडेनं हळूहळू नवं लाल मांस आलं, मग ती भरली. बोट राहिलं. नख वाकडं आलंय. भीती मात्र गेली नाही. रोज बूट घालायच्या आधी आत हात घालून खडा आहे का बघतो, मग बोट बघतो.

मॅडमचे आणि त्या सिस्टरचे उपकार फिटायचे नाहीत. ज्याला हे दुखणं येईल, त्यानं दवाखान्यात आपलं जेवण नुसतं सांगू नये. फडक्यात बांधून न्यावं.